दोन काळांची गोष्ट आणि विचारणारी बाई

(घाटकोपर येथील वाचनगटाच्या बैठकीत केलेले भाषण)



युद्धाच्या कादंबऱ्या वाचणे हे आपल्या चळवळीचे काम कसे, असे मागच्या बैठकीत काहीजणींनी विचारले होते. त्याचे उत्तर देण्याचा आज प्रयत्न करते.

अशा पुष्कळ कादंबऱ्यांत दोन काळ असतात. एक युद्धाचा, दुसरा बऱ्याच वर्षांनंतरचा. या नंतरच्या काळातली कुणी नात, कुणी संशोधक जुनी पत्रे, जुनी माणसे शोधत निघते. वाचताना आपले लक्ष युद्धाकडे लागते. पण शोधणारीकडेही नीट बघायला हवे. ती कुणाला विचारते, कसे विचारते?

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ साली आली. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हेर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर बोटीवर भेटतात. तो मुंबईला उतरतो, तिला पुढे जावे लागते. हेर्टा आपल्याला कळते ती बरीचशी चक्रधरच्या आठवणींतून. तिची पत्रे आपण वाचतो, पण तिला काही विचारायची वेळ निघून गेलेली असते.

बांगलादेशच्या शाहीन अख्तर यांच्या ‘तलाश’मध्ये (२००४) मरियम जिवंत आहे. १९७१ च्या युद्धात तिने पाकिस्तानी सैन्याचे अत्याचार सोसले. अनेक वर्षांनी मुक्ती नावाची तरुणी तिला प्रश्न विचारायला येते. अशा स्त्रियांना सरकारने ‘वीरांगना’ म्हटले, पण त्या पदवीने अनेकींना घराची दारे उघडली नाहीत. म्हणजे नाव देणारे भेटले, ऐकून घेणारे नाही.

आपल्याकडेही वेगळे घडले नाही. फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांना परत पाठवण्यासाठी १९४९ साली कायदा झाला. तिला स्वतःला जायचे आहे की नाही, याला त्यात किंमत नव्हती.

आता जवळचे बघू. फाळणीनंतर मुलुंड कॉलनीत सिंधी निर्वासित वसले. आपल्या गटातल्या एकीची आजी तिथलीच. कराचीच्या बंदरापर्यंत ती सगळे सांगते आणि गप्प होते. नातीला वाटते, आजी बोलली नाही तर इतिहास बुडेल. आजी म्हणते, “कॉलनीत पाणी कसं भरायचो, ते लिही ना!” गटात यावर बराच वाद झाला. माझ्या मते पाणी भरणे हाही इतिहासच आहे. आणि गप्प राहणे हा आजीचा हक्क आहे.

१९९२-९३ च्या दंगलींत होरपळलेल्या जोगेश्वरीतल्या कितीतरी बायका आज आज्या झाल्या आहेत. त्यांच्या नाती आता विचारू लागतील. आणि आपण कार्यकर्त्या तर रोजच केसपेपर घेऊन कुणापुढे तरी बसतो. त्या वेळी कादंबरीतली ती शोधणारी बाई आपणच असतो.

म्हणून तीन गोष्टी पाळू या. का विचारतो आणि लिहिलेले कोण वाचणार, हे तिला आधी सांगायचे. ती थांबली की आपणही थांबायचे. जे लिहिले ते तिला वाचून दाखवायचे, आणि ती म्हणेल ते खोडायचे.

पण विचारायला उशीर मात्र करायचा नाही. मुलुंडच्या आजीकडे पुढच्या रविवारी जायचे ठरले आहे. पाण्याची गोष्ट ऐकायला. कोणकोण येणार?