घरातलेच मूल चोरी करते तेव्हा...

(बोईसर येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मूल आजारी पडले तर आपण साऱ्या आप्तांना कळवतो. परंतु त्याने वडिलांच्या खिशातून पैसे काढले, ही गोष्ट मात्र चार भिंतींबाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच आज या विषयावर उघडपणे बोलणे मला अगत्याचे वाटते.

तारापूरला १९६९ साली अणुविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून कुटुंबे येथे आली. आजी-आजोबा गावीच राहिले. येथे वडील रात्रपाळी करून सकाळी झोपतात, आई तोवर कामावर निघालेली असते. घरात मूल असते आणि मोबाईल असतो. हा पालकांवर ठपका नव्हे. पाळी चुकवून चूल पेटत नाही, हे मी जाणतो. पण पूर्वी चोरी डब्यातल्या नाण्यांची असे, आज आईच्या मोबाईलचा गुप्त क्रमांक ठाऊक असला की पुरते.

ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच पश्चिम रेल्वेवरील जोगेश्वरीत एका १६ वर्षांच्या मुलाने पब्जी या खेळापायी आईच्या बँक खात्यातील सुमारे १० लाख रुपये घालवले. आईवडील रागावले. कोणाला राग येणार नाही? मुलगा चिठ्ठी लिहून घर सोडून गेला. सुदैवाने पोलिसांना तो अंधेरी पूर्वेच्या महाकाली गुंफांच्या परिसरात सापडला आणि समजूत घालून त्याला घरी पोहोचवण्यात आले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. मात्र साध्या खेळात पैसे मोजून शस्त्रे, पोशाख घेण्याचा मोह त्याने संपलेला नाही.

या चिठ्ठीवरून दुसरी एक चिठ्ठी आठवते. राजकोटच्या एका १५ वर्षांच्या मुलाने भावाचे सुमारे २५ रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी भावाच्याच सोन्याच्या कड्याचा तुकडा काढला. मन खाऊ लागले. त्याने सारे कागदावर लिहिले, शिक्षा मागितली आणि ती चिठ्ठी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले, आणि काही न बोलता त्यांनी ती फाडून टाकली. तो मुलगा म्हणजे मोहनदास गांधी. आत्मचरित्रात ते नमूद करतात की, वडिलांनी आपल्याला कधी मारल्याचे त्यांना आठवत नव्हते. भीती होती ती वडिलांना होणाऱ्या दुःखाची. एका मुलाची चिठ्ठी वडिलांच्या हाती गेली, दुसऱ्याची घर सोडताना मागे राहिली. आपल्या घरात आपले मूल कोणती चिठ्ठी लिहू शकेल, याचा विचार पैसे हरवण्याआधीच करावा लागतो.

चोरी उघडकीस आली की आपण पहिला प्रश्न करतो, ‘का केलेस?’ याचे उत्तर बहुधा मुलालाही देता येत नाही. त्याऐवजी पैसा कुठे गेला, याचा शोध घ्यावा. मित्रांना खाऊ घालण्यात गेला असेल तर मूल एकटे आहे. मोठ्या मुलांनी धमकावून घेतला असेल तर तुमचा चोर स्वतःच लुबाडला गेला आहे. गुटख्यात किंवा नशेत गेला असेल तर प्रश्न वेगळाच आहे. आणि चार-पाच वर्षांच्या बालकाने काही उचलले तर त्याला चोर म्हणूच नये. आपले आणि दुसऱ्याचे यांतील भेद ते अजून शिकत असते.

‘पोलिसांत देईन’ ही धमकी तर द्यूच नये. १८ वर्षांखालील मुलाला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही, असे २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. पोकळ धमकी मुलाला लवकर कळते. नातेवाइकांसमोर पंचनामा करू नये, मुद्दाम नोट ठेवून परीक्षाही पाहू नये. पैसे सरळ कुलपात ठेवावेत आणि मोबाईलचा क्रमांक बदलावा. मात्र भरपाई झालीच पाहिजे. मुलाच्या हातखर्चातून, त्याच्या कष्टांतून, थोडीथोडी का होईना. आईने गुपचूप रक्कम भरून टाकणे ही माया नव्हे.

महिनोन्‌महिने चोरी सुरू असेल, सोबत खोटेपणा, मारहाण, घरातून पळून जाणे असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा कसला? २०२२ पासून टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. बालकांच्या मदतीसाठी १०९८ आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सर्वांत बोचते. घरात पैसे दिसेनासे झाले की पहिला संशय कोणावर जातो? धुणीभांडी करणाऱ्या, पाड्यावरून चालत येणाऱ्या बाईवर. गांधीजींनीही लहानपणी विड्यांसाठी प्रथम नोकराच्याच खिशातले पैसे चोरले होते. आपल्या मुलाचा हात सापडला, तर मुलाला बरोबर घेऊन त्या बाईच्या घरी जावे, त्याच्यादेखत तिची क्षमा मागावी. तिचे काम सुटले असेल तर ते परत द्यावे, आणि मधल्या दिवसांचा पगारही.