पाणी टाकलं तरी संडास वाहत नाही, तेव्हा



पेरणी, खत, फवारणी यांवर बोलणारा माणूस आज संडासावर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण गावोगाव फिरताना बांधावरच्या गप्पा संपल्या की हळूच विचारला जाणारा प्रश्न हाच असतो. "साहेब, तेवढं घरामागं येऊन बघता का? पाणी खालीच जात नाही." बघायला गेलं की दार उघडल्यावर आत गोवऱ्या रचलेल्या दिसतात, नाहीतर कडब्याच्या पेंढ्या. 2014 नंतर स्वच्छ भारत मिशनमध्ये बांधलेला, सरकारचे बारा हजार आणि घरचे चार पैसे घातलेला संडास. तुंबला, आणि बंद पडला. घरातली पुरुष माणसं टमरेल घेऊन ओढ्याकडे जायला लागतात, त्यांचं भागतं. पण दिवस गेलेली सून, वयात आलेली मुलगी आणि गुडघे धरलेली म्हातारी यांना पुन्हा अंधार पडायची वाट बघावी लागते. संध्याकाळी जावं लागू नये म्हणून बाया दिवसभर पाणी कमी पितात, आणि मग लघवीला जळजळ, पोटात दुखणं सुरू होतं. म्हणून हा विषय.

बहुतेक वेळा दुरुस्ती फार मोठी नसते. पण आधी रोग ओळखायला हवा. कापसाचं पान लाल झालं म्हणून कोणी न बघता औषध मारत नाही, तसंच हे.

आपल्या खेड्यांतला चांगला संडास म्हणजे दोन शोषखड्ड्यांचा. भांडं, त्याखाली वाकडी नळी, तिला आपले गवंडी 'कोंबडा' म्हणतात. कोंबड्यात बोटभर पाणी कायम साठून राहतं आणि वास, माश्या वर येऊ देत नाही. पुढे पाईप, मग एक लहान चौकोनी चेंबर, आणि चेंबरमधून दोन खड्ड्यांकडे जाणाऱ्या दोन वाटा. एका वेळी एकच वाट उघडी. दुसरी विटेनं आणि चिखलानं बंद.

पाणी तुंबलं की पहिलं काम एवढंच करा. भांड्यात पाणी ओतण्याआधी चेंबरचं झाकण उचला आणि आत बघा. चेंबर कोरडा असेल आणि भांडं मात्र भरलेलं असेल, तर अडथळा भांडं ते चेंबर या टप्प्यात आहे. चेंबरच भरून उभा असेल, तर भांड्याला दोष देऊ नका, भानगड पुढे खड्ड्याकडे आहे. या एका गोष्टीनं अर्धं काम होतं. मी बघतो, लोक चेंबर उघडतच नाहीत. भांड्यात लोखंडी सळई खुपसत बसतात आणि शेवटी कोंबडा फोडतात. फुटलेला कोंबडा बदलायचा म्हणजे सगळी फरशी उकरावी लागते.

आधी कोरड्या चेंबरचं बघू. काठीच्या टोकाला चिंध्यांचा घट्ट बोळा बांधा, भोकापेक्षा जरासा मोठा. वर सुतळी चांगली आवळा, नाहीतर बोळाच आत राहायचा. भांड्यात थोडं पाणी असू द्या आणि तो बोळा पिचकारीच्या दट्ट्यासारखा दहा-पंधरा वेळा वरखाली करा. साधा अडथळा यानं सुटतो. नाही सुटला, तर हाताला जाड प्लॅस्टिकची पिशवी बांधून किंवा टोक वाकवलेल्या तारेनं जे असेल ते बाहेर ओढा. पुढे ढकलू नका, बाहेर ओढा. काय निघेल सांगू? गुटख्याच्या पुड्या, बिडीची थोटकं, पाळीचं कापड, पोरानं टाकलेला चमचा, कुठे कुठे पुसायला वापरलेले खडे. पाळीच्या कापडाबद्दल बायांना बोल लावण्याआधी घरच्या कर्त्या माणसानं संडासात एक झाकणाचा डबा ठेवलाय का, हे स्वतःला विचारावं.

अडथळा पाईपमध्ये असेल तर बांबूची लवचीक कामटी चेंबरच्या बाजूनं वर भांड्याकडे सरकवा. भांड्याकडून घालाल तर ती कोंबड्याच्या वाकात अडते. संडास नवा असून पहिल्या दिवसापासूनच वाहत नसेल, तर गवंड्यानं पाईपमध्ये सिमेंटचा गोळा सोडलेला असू शकतो, किंवा पाईपला उतारच दिलेला नसतो. दर मीटरला सहा-सात सेंटिमीटर उतार हवा. पाणसळ लावून बघा, डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका.

आता भांडंच चुकीचं असेल तर? हे फार घरांत दिसतं. खेड्यातल्या संडासाचं भांडं खोल उताराचं असतं, सुमारे 25 ते 28 अंशांचं, आणि कोंबड्यात पाणी जेमतेम 20 मिलिमीटर उभं राहतं. त्याला दीड ते दोन लिटर पाणी पुरतं. पण तालुक्याच्या दुकानातून कोणी शहरी पद्धतीचं पसरट भांडं आणतं, त्याच्या कोंबड्यात 50 मिलिमीटर पाणी. ते वरच्या टाकीतून एकदम दहा-बारा लिटर पाणी पडेल, या हिशेबानं केलेलं असतं. तिथे टमरेलभर पाणी टाकून काय होणार? मग घरातली बाई बादली बादली पाणी ओतते. ते पाणीही तिनंच डोक्यावरून आणलेलं, आणि एवढ्या पाण्यानं खड्डाही लवकर भरतो. असं भांडं असेल तर ते बदलणं हाच उपाय आहे. भांडं बरोबर असूनही मळ चिकटत असेल, तर बसण्याआधी तांब्याभर पाणी टाकून भांडं ओलं करा. नंतर पाणी थोडं थोडं न टाकता, जरा उंचावरून एका दमात ओता.

ॲसिडचा मोह टाळा. ॲसिडनं गुटख्याची पुडी विरघळत नाही, पण खड्ड्यातला मैला कुजवणारे जिवाणू मरतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. उकळतं पाणीही नको, चिनी मातीला तडा जातो. मऊ ब्रश, थोडं साबणाचं पाणी, बस्स.

आता दुसरा प्रकार, चेंबर भरून उभा आहे. आधी चेंबरमधून खड्ड्याकडे जाणाऱ्या तोंडात काही अडकलं आहे का, ते कामटीनं बघा. मोकळं करून पाणी झरझर गेलं तर काम झालं. नाही गेलं, तर खड्डा भरला. एका माणसाचा मैला वर्षाला साधारण 40 ते 45 लिटर जागा घेतो. एक मीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा पाच माणसांना तीन-साडेतीन वर्षं पुरतो. म्हणजे तेवढ्या वर्षांनी खड्डा भरला तर गवंड्याला शिव्या देण्याचं कारण नाही, तो भरण्यासाठीच असतो. चालू खड्ड्याची वाट वीट, गोणपाट आणि चिखल लावून घट्ट बंद करा, दुसऱ्या खड्ड्याची उघडा. अर्ध्या तासाचं काम.

पण वर्षभरातच भरला तर मात्र कारण शोधा. एक कारण, न्हाणीचं आणि भांडी घासल्याचं पाणी त्याच खड्ड्यात सोडलेलं. ते पाणी आधी बाहेर काढा आणि परसातल्या केळी-अळूला द्या. दुसरं, गवंड्यानं 'पक्कं काम' म्हणून खड्डा आतून सिमेंटनं गिलावा करून तळ बंद केलेला. शोषखड्डा जाळीदार बांधकामाचा आणि उघड्या तळाचाच हवा, नाहीतर पाणी मुरणार कुठे? तिसरं, काळी चिकण जमीन. विदर्भ-मराठवाड्यात हे नेहमीचं. तिथे खड्ड्याच्या बांधकामाबाहेर चहूबाजूंनी साधारण 30 सेंटिमीटर जाडीचा वाळूचा आणि विटांच्या तुकड्यांचा थर भरावा लागतो. चौथं, फक्त पावसाळ्यात तुंबतं, उन्हाळ्यात सुरळीत. तिथे जमिनीतलं पाणी वर चढून खड्ड्यात येतं. असा खड्डा खोल करू नये, उथळ आणि रुंद करावा, जोतं उंच घ्यावं, भोवती मातीचा उंचवटा करून पावसाचं पाणी बाहेर वळवावं. विहीर किंवा हातपंप निदान 10 मीटर लांब हवा. जांभ्या दगडाच्या किंवा भेगाळ खडकाच्या जमिनीत आणखी लांब, कारण भेगेतून पाणी गाळलं न जाता सरळ पळतं.

काही घरांत दोन्ही वाटा पहिल्यापासून उघड्या असतात. दोन्ही खड्डे एकदमच भरतात आणि मग कुठला आधी उपसायचा, हेच कळत नाही. तिथे आणि एकच खड्डा असलेल्या घरी नवा खड्डा खणून जोडणं हाच सोपा मार्ग. जागा नसेल तर शोषक पंपाची गाडी बोलवा. पण गाडीवाल्याला तो ओला मैला ओढ्यात किंवा उभ्या पिकात सोडू देऊ नका.

आता जरा नीट लक्ष द्या. चालू किंवा नुकत्याच भरलेल्या खड्ड्यात, आणि सेप्टिक टाकीत तर कधीच, माणूस उतरवायचा नाही. आत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटतं, हवा चांगली आहे. दोन-चार श्वासांत तो कोसळतो. वरचा भाऊ त्याला काढायला उडी मारतो, तोही पडतो. वर्तमानपत्रात एका टाकीत तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या येतात, त्या अशा. कंदील सोडून बघू म्हणाल तर तेही नको, मिथेन पेट घेतो. 2013 च्या कायद्यानं हाताने मैला उपसायला लावणं आणि टाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. मजुरीला कोण कबूल होतो आणि का होतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. पाचशे रुपये हातावर ठेवले म्हणून त्याचा जीव आपला होत नाही.

दोन खड्डे कशासाठी, तर हे काम कोणालाच करावं लागू नये म्हणून. बंद केलेला खड्डा दीड-दोन वर्षं तसाच ठेवा. जंतांची अंडी चिवट असतात, म्हणून मी पूर्ण दोन वर्षं सांगतो. तोवर मैला राहत नाही, चहाच्या चोथ्यासारखं भुसभुशीत, बिनवासाचं खत होतं. 2017 च्या फेब्रुवारीत केंद्राच्या स्वच्छता विभागाचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणात वरंगळ जिल्ह्यातल्या गंगादेवीपल्लीला असा खड्डा स्वतः उपसायला उतरले होते. आपल्याकडे तर कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणारे संडास कधीच करून दाखवले. जातीनं ब्राह्मण असून 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम करू द्या म्हणून उपोषणाला बसलेला माणूस तो. आपल्याच घरच्या दोन वर्षांच्या खताला हात लावायला मग कसली लाज?

खत काढायचं ते उन्हाळ्यात, जमिनीतलं पाणी खाली गेल्यावर. झाकण काढून दिवसभर उघडं ठेवा, जवळ पोरं आणि जनावरं येऊ देऊ नका. फावड्यानं वरूनच काढा. ओलं किंवा वासाचं लागलं तर तिथेच थांबा, झाकून ठेवा. बूट आणि हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा. हे खत आंबा, नारळ, लिंबू, चिंच यांच्या आळ्यात घालून वर माती ओढा. मेथी, कोथिंबीर, मुळा, काकडी असं कच्चं खाल्लं जाणाऱ्या पिकाला नको. खड्डा एकच मीटरचा, तेव्हा खत फार निघत नाही, चार-सहा झाडांपुरतं. युरियाच्या पोत्याची बरोबरी त्याच्याशी करू नका, पण जमिनीला ते मानवतं.

खड्डा बदलला त्या दिवशीचा महिना आणि साल चेंबरच्या झाकणावर ओल्या सिमेंटमध्ये खिळ्यानं कोरून ठेवा. कागदावर लिहिलेलं दोन वर्षांनी सापडत नाही.

कार्यक्रमाच्या पत्त्यावर पत्र पाठवताना एवढं जरूर लिहा: चेंबर भरलेला आहे की कोरडा, जमीन काळी की मुरमाड, खड्डे किती आणि कोणत्या साली बांधले, न्हाणीचं पाणी कुठे जातं. एवढं कळलं की उत्तर देता येतं. नुसतं 'संडास तुंबला, उपाय कळवा' असं पोस्टकार्ड आलं, तर आम्हाला उलट तुम्हालाच पत्र घालावं लागतं, आणि त्यात पंधरा दिवस जातात.