सारथ्याचा अर्धा वांटा

गगनबावड्याहून करूळचा घाट उतरतांना परवां माझी नात गाडी हांकीत होती. दर वळणास माझ्या मुठी आवळल्या जात. तिचा धाकटा भाऊ हांकतो तेव्हां मात्र मला डुलकी लागते! या भेदाची मला लाज वाटली. दशरथाच्या रथाचा आंस सांवरणाऱ्या कैकेयीची कथा वर्गांत सांगणारा मास्तर मीच ना?

विलायतेंत २०१९ सालीं केवळ स्त्रियांसाठीं 'डब्ल्यू सिरीज' ही मोटारशर्यतींची मालिका निघाली. तिचे तिन्ही मोसम जेमी चॅडविक या इंग्रज युवतीनें जिंकले. परंतु द्रव्याभावीं २०२२ सालीं मोसम पुरा होण्यापूर्वींच ती थांबली. चॅडविकबाईंचा 'व्हेलोसे' संघ २०२१ सालीं 'एक्स्ट्रीम ई' या दुसऱ्या मालिकेंतही उतरला होता. तेथें विजेच्या गाड्या अरबस्तानच्या वाळवंटांत नि ग्रीनलंडच्या हिमप्रदेशांत धांवल्या. नियम असा, कीं प्रत्येक गाडीस एक पुरुष व एक स्त्री. दोघांनीं सारखेंच अंतर हांकावयाचें. एकाचा विलंब तो दोघांचा विलंब! अर्थात् स्त्रीस शोभेपुरतें बसविणें कोणासच परवडेना. तिला सराव देणें भागच पडलें.

तीही मालिका पुढें आटोपली. धडा मात्र उरला. २०२४ सालीं पुण्याच्या डायना पुंडोले यांनीं पुरुषांच्या बरोबरीनें शर्यतींत उतरून मोटारींचें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें.

निराळें अंगण देण्यापेक्षां अर्धा वांटा देणें कठीण खरें; परंतु विश्वास त्यानेंच उपजतो. परतीच्या चढणीस मीं नातीच्या शेजारची जागा घेतली, आणि मुठी उघड्या ठेवल्या.