कापूस, मका आणि माग

अमेरिकेचा इतिहास म्हटला की शाळेतले धडे आठवतात. यादवी युद्ध, रेल्वे, पोलादाचे कारखाने, फोर्डची मोटार आणि दोन महायुद्धे. परीक्षा झाली की हे धडे मागे पडतात, कारण त्यांचा आपल्या गावाशी काही संबंध आहे असे कुणी सांगितलेलेच नसते. आज मला तो संबंध सांगायचा आहे. १८६१ ते १९४७ या काळात अमेरिकेत ज्या मोठ्या उलथापालथी झाल्या, त्यांची झळ आणि ऊब श्रीगोंद्याच्या रानापर्यंत, नगरच्या विणकरांच्या मागापर्यंत आणि भुईकोट किल्ल्याच्या दरवाजापर्यंत येऊन पोचली. कधी ती बाजारभाव होऊन आली, कधी धान्याची पोती होऊन, कधी एखाद्या कसबी माणसाबरोबर, तर कधी नुसते वचन होऊन. या चारांतून आपल्याला काय मिळाले, ते आपण पाहू.

सुरुवात कापसापासून करू. १८६० च्या सुमारास इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून जात असे. तो पिकवत होते गुलामगिरीत जखडलेले आफ्रिकी वंशाचे लोक. १८६१ मध्ये अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव कित्येक पटींनी चढला. दख्खनच्या पठारावर जिथे बाजरी आणि ज्वारी डोलत होती, तिथे कापसाचा पेरा वाढला. त्याच सुमारास रेल्वेच्या बांधकामावर मजुरीही मिळत होती. हातात रोख पैसा आला, जमिनीला किंमत आली, तशी कुणब्याची पत वाढली आणि सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले.

१८६५ मध्ये युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येऊ लागला आणि आपल्याकडचे भाव कोसळले. मुंबईत शेअरच्या सट्ट्यात मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. रेल्वेची कामे संपली, मजुरी आटली. तेजीच्या दिवसांकडे पाहून वाढवलेला शेतसारा मात्र तसाच राहिला, आणि सावकाराच्या वहीतले व्याजही चढतच राहिले. दहा वर्षे शेतकऱ्याने हे सोसले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी उठाव झाला आणि त्याचे लोण आपल्या नगर जिल्ह्यात श्रीगोंदा, पारनेर, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पोचले. लोक सावकारांच्या दारात जमले, कर्जरोखे आणि हुकूमनामे मागून घेतले आणि त्यांची होळी केली. माणसांना इजा फार थोडी झाली. त्यांचा सारा राग त्या कागदांवर होता. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जापासून काही संरक्षण देणारा कायदा केला.

आता समुद्राच्या पलीकडे पाहा. युद्धानंतर अमेरिकेत सुमारे चाळीस लाख गुलाम कायद्याने मुक्त झाले. पण जमीन त्यांना मिळाली नाही. त्यांनी अर्धलीने जमिनी कसल्या, गावच्या दुकानदाराकडून बियाणे आणि पीठमीठ उधार घेतले आणि येणारे कापसाचे पीक आधीच त्याच्याकडे गहाण टाकले. मिसिसिपीतला तो कृष्णवर्णीय शेतकरी आणि श्रीगोंद्याचा आपला कुणबी यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. तरी दोघांनाही एकाच कापसाच्या बाजाराने कर्जात लोटले होते, आणि दोघांचाही अंगठा कुणाच्या तरी वहीवर होता. बाजाराच्या रूपाने आलेली अमेरिका आपल्याला ही शिकवण देऊन गेली: ज्या भावावर आपला काही ताबा नाही, त्या भावावर घर बांधू नये.

यानंतरची तीस वर्षे अमेरिकेच्या औद्योगिक भरभराटीची. १८६९ मध्ये पूर्व किनाऱ्याकडचे आणि पश्चिम किनाऱ्याकडचे लोहमार्ग जोडले गेले. कार्नेगीचे पोलाद आणि रॉकफेलरचे तेल जगभर गेले. अमेरिकेच्या मध्य भागातली अफाट गवताळ राने नांगराखाली आली आणि मक्याचे, गव्हाचे पीक इतके होऊ लागले की भाव पडून तिथला शेतकरीही कर्जात बुडाला. कॅन्ससमध्ये काही वर्षी मका विकून कोळसा घेण्यापेक्षा मकाच चुलीत जाळणे शेतकऱ्याला परवडत असे.

आपल्याकडे त्याच वेळी काय चालले होते? १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू होऊन नगर लोहमार्गावर आले होते. तरीही १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत जिल्हा होरपळला. रेल्वेने धान्य येऊ शकत होते, पण ते विकत घ्यायला लोकांच्या गाठीला पैसा नव्हता. १९०० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाची आगबोट सुमारे दोन लाख बुशेल, म्हणजे जवळजवळ पाच हजार टन मका घेऊन मुंबईकडे निघाली. तो मका अमेरिकेतल्या सामान्य लोकांच्या वर्गणीतून आला होता. अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या वाटपाचे काम ज्यांनी सांभाळले, त्यांत नगरचे रॉबर्ट ह्यूम आघाडीवर होते. १८४७ मध्ये मुंबईत जन्मलेले आणि अमेरिकेत शिकलेले ह्यूम अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी नगरला आले आणि आयुष्याची बहुतेक वर्षे इथेच राहिले. दुष्काळातल्या कामासाठी त्यांना सरकारने ‘कैसर-ए-हिंद’ सुवर्णपदक दिले.

मिशनचा मुख्य हेतू धर्मप्रसाराचा होता. त्यावर त्या काळी वाद झाले आणि ते होणे योग्यच होते. पण भुकेल्या माणसाच्या ताटात पडलेला घासही खरा होता. इतिहास सांगताना दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एवढे मात्र लक्षात ठेवू की दानाने जीव वाचतो, धंदा उभा राहत नाही. दुष्काळ संपला तरी विणकराचा माग रिकामाच होता.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण मला आज मुख्यत्वे हीच गोष्ट सांगायची आहे. नगर हे विणकरांचे मोठे शहर होते. साळी, पद्मसाळी, कोष्टी यांच्या घरांतून शेकडो माग चालत. जिल्ह्यातल्या बायका नेसत ती लुगडी इथे विणली जात. आधी मँचेस्टरच्या आणि मग मुंबईच्या गिरण्यांच्या कापडाने या धंद्याला घेरले. त्यात दुष्काळ आला. शेतकऱ्याकडे पैसा नाही म्हणजे लुगड्याला गिऱ्हाईक नाही. एका हाताने धोटा फेकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा, अशा जुन्या पद्धतीने दिवसभर राबून विणकराच्या हातात पडणारी मजुरी घर चालवायला अपुरी होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरच्या मिशनमध्ये डेव्हिड कॅरोल चर्चिल नावाचे अमेरिकन अभियंते आले. त्यांचे शिक्षण मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेत झाले होते. हा मॅसॅच्युसेट्सचा मुलूख म्हणजे अमेरिकेच्या कापडगिरण्यांचे माहेर. तिथे हजारो कामगार एका छपराखाली इंजिनाच्या तालावर राबत. पुढे १९१२ मध्ये तिथल्या लॉरेन्स शहरात मजुरी कापल्यावरून वीस हजारांहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला, तो जगभर गाजला. आणि १९१३ मध्ये हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. माणसाने यंत्राच्या वेगाने चालायचे, ही त्या काळच्या अमेरिकेची रीत झाली होती.

नगरमध्ये चर्चिल यांनी वेगळी वाट धरली. इथल्या विणकराला गिरणीत नेण्याऐवजी त्याच्या घरात, त्याच्याच हातापायांनी चालेल असा जलद माग कसा करता येईल, याचा ध्यास त्यांनी घेतला. हाताने फेकावा-झेलावा न लागणाऱ्या ‘धावत्या’ धोट्याचे तत्त्व त्यांनी घेतले. इंजिन नको, वीज नको, कापड मात्र अधिक निघाले पाहिजे, असा तो सुधारलेला हातमाग होता. यात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की तंत्र अमेरिकेत शिकलेल्या माणसाचे होते आणि प्रश्न नगरच्या विणकराचा होता. विणकराचा हात, त्याची सवय, त्याच्या घराची जागा आणि त्याची ऐपत यांनी त्या यंत्राचे माप ठरवले. गांधीजींच्या चरख्याने देश ढवळून निघण्याच्या कितीतरी आधी, माणसाला बेकार न करणारे यंत्र कसे असावे, या प्रश्नावर नगरमध्ये काम चालले होते.

आणि या गोष्टीचा पुढचा भाग तर आपल्या जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. पुढे चर्चिल आणि त्यांच्या पत्नी एलेनॉर अमेरिकेला परतले आणि केंटकी राज्यातल्या बेरिया या डोंगरपायथ्याच्या गावी गेले. साऱ्या अमेरिकेत तेव्हा कारखान्यांची धडधड होती, पण त्या डोंगराळ भागात काम नव्हते आणि माणसे गाव सोडून चालली होती. १९२२ मध्ये या दांपत्याने तिथे ‘चर्चिल वीव्हर्स’ ही हातमागाची संस्था सुरू केली. नगरच्या विणकरांसाठी माग घडवताना मिळालेला अनुभव तिथे कामी आला. शाली, पांघरुणे, तान्ह्या मुलांच्या दुलया तिथे विणल्या जाऊ लागल्या. १९२९ ची महामंदी आली आणि गेली, दुसरे महायुद्ध झाले, तरी ते माग चालत राहिले. २००७ पर्यंत, म्हणजे पंचाऐंशी वर्षे, ती संस्था चालली आणि तिच्या विणकामाचे नमुने आज केंटकीच्या इतिहास संस्थेने जपून ठेवले आहेत. औद्योगिक अमेरिकेच्या ऐन भरात अमेरिकेतल्याच गरीब डोंगरवासीयांना रोजगार देणाऱ्या त्या मागांची पूर्वतयारी आपल्या नगरमध्ये झाली होती. ज्ञान नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडेच येते, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर ऐकावी.

आता अमेरिकेच्या वचनांकडे वळू. ती येण्याआधीच नगरमध्ये स्वराज्याची मागणी उठली होती. ३१ मे आणि १ जून १९१६ रोजी लोकमान्य टिळकांनी नगरमध्ये स्वराज्यावर दोन व्याख्याने दिली. बेळगावच्या आणि नगरच्या या व्याख्यानांवरून सरकारने त्यांच्यावर खटला भरला आणि मुंबई उच्च न्यायालयात तो टिकला नाही. पुढे १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि जानेवारी १९१८ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी आपले चौदा मुद्दे जाहीर केले. राष्ट्रांना आपले भवितव्य ठरवण्याचा हक्क असावा, या बोलण्याने हिंदुस्थानातही आशा जागी झाली. टिळकांनी विल्सन यांना पत्र लिहून हिंदुस्थानची बाजू मांडली. पण युद्धानंतरच्या शांतता परिषदेत गुलाम देशांच्या वाट्याला काही आले नाही. खुद्द अमेरिकेच्या सिनेटने त्या परिषदेतून निघालेला व्हर्सायचा तह नाकारला, आणि १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला.

दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडले. ऑगस्ट १९४१ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट आणि इंग्लंडचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी अटलांटिक सनद काढली आणि लोकांना आपले सरकार निवडण्याचा हक्क मान्य केला. पुढच्याच महिन्यात, ही सनद हिंदुस्थानच्या प्रश्नाला लागू नाही, असे पंतप्रधानांनी पार्लमेंटमध्ये सांगून टाकले. १ जुलै १९४२ रोजी गांधीजींनी रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. हिंदुस्थान आणि आफ्रिका दास्यात आहेत, आणि अमेरिकेतही कृष्णवर्णीयांचा प्रश्न तसाच आहे, तोवर स्वातंत्र्यासाठी लढतो हे म्हणणे पोकळ ठरते, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले. सहा आठवड्यांच्या आत नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव हे सारे नेते नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते. युद्ध लोकशाहीच्या नावाने चालू होते आणि लोकशाही मागणारे नगरच्या तटबंदीआड होते. तिथेच नेहरूंनी १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. स्वातंत्र्य मिळाले ते या वचनांनी नव्हे, तर आपल्या लोकांच्या लढ्याने.

स्वातंत्र्याच्या त्या १९४७ सालीच नगरमध्ये अहमदनगर कॉलेज सुरू झाले. त्याचे संस्थापक डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात शिकून आलेले आपले मराठी माणूस. तिथली विद्या त्यांनी इथल्या शेतकऱ्यांच्या आणि विणकरांच्या मुलांपर्यंत आणली.

श्रोतेहो, मग या सगळ्याचा निष्कर्ष काय? कापसाचा भाव आला आणि आपल्याला कर्जात टाकून गेला. मक्याची पोती आली, त्यांनी जीव वाचवले, पण घडी बसवली नाही. वचने आली आणि पाळली गेली नाहीत. टिकले ते दोनच: नगरच्या माणसाची गरज समजून घेऊन घडवलेला माग, आणि नगरच्याच माणसांसाठी उघडलेले कॉलेज. बाहेरचे ज्ञान आपल्या माणसाच्या गरजेशी जोडले गेले, तेव्हाच ते इथे रुजले.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर्गात अमेरिकेचे यादवी युद्ध शिकवाल तेव्हा श्रीगोंद्याच्या आणि पारनेरच्या कर्जरोख्यांची होळी सांगा. औद्योगिक क्रांती शिकवाल तेव्हा नगरच्या हातमागाची गोष्ट सांगा. आणि ज्या घरांत अजून जुना माग, धोटा, फणी किंवा आजोबांच्या वेळची हिशेबाची वही शिल्लक असेल, त्यांनी ती भंगारात देऊ नये. जवळच्या शाळेला, महाविद्यालयाला किंवा नगरच्या वस्तुसंग्रहालयाला ती दाखवावी. जगाच्या इतिहासात आपल्या जिल्ह्याचे पान आहे. ते जपणे आपल्याच हातात आहे.