मोगऱ्याच्या शेजारी कोणतं झाड?

अंगणात मोगरा, गुलाब, जास्वंद, कढीपत्ता आधीपासून आहेत आणि आता सावलीसाठी एखादं झाड लावायचं म्हटलं, की गुलमोहर नाहीतर सप्तपर्णी हीच नावं पुढे येतात. माझं म्हणणं असं, की झाड फुलांवरून निवडू नये, पानगळीच्या महिन्यावरून निवडावं. यवतमाळात सावली हवी असते ती होळीपासून मृग लागेपर्यंत, आणि गुलमोहर नेमका चैत्रात उघडा असतो. आपल्या मातीतला म्हणून साग लावावा, तर टिपेश्वरच्या जंगलातलं सागाचं रान एप्रिलमध्ये कसं उघडं दिसतं ते आठवून बघा. सप्तपर्णीची गोष्ट उलटी. ती बारमाही दाट. पण गुलाबाचा खरा बहर थंडीतला, आणि तेव्हा ऊन मिळालं नाही तर फांद्या नुसत्या लांबतात, कळी धरत नाही.

कडुनिंब या परीक्षेत उतरतो. उन्हाळ्याच्या तोंडावर तो पानं टाकतो आणि पाडव्याला गुढीसाठी कोवळी डहाळी देतो. म्हणजे ऊन तापायच्या आत त्याची नवी पालवी तयार! शिवाय त्याची सावली चाळणीसारखी, बारीक पानांतून कवडसे खाली येतच राहतात. तो अंगणाच्या पश्चिम कोपऱ्यात लावला, की सकाळचं ऊन मोगऱ्याला मिळतं आणि दुपारी तीननंतरचं ऊन अडतं. गुलाब पूर्वेच्या कडेला ठेवावा. कढीपत्ता आणि जास्वंद थोडी सावली सोसतात, जास्वंदीला फुलं कमी येतील एवढंच. घर पूर्वाभिमुख असेल तर उतरत्या दुपारची सावली घरच देतं. तिथे झाडाचा आग्रह कशाला?

कोणी म्हणेल, कडुनिंब फार मोठा होतो, भिंतीला तडे जातील. हा आक्षेप खरा आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि मोठं झाड तिच्यातला ओलावा ओढून ही ओढाताण वाढवतं. म्हणून भिंतीपासून भरपूर अंतर सोडावं. तेवढी जागा नसेल तर झाड नकोच, मांडव घालून मधुमालती चढवावी. दुसरा आक्षेप, कडुनिंबाखाली काही येत नाही. ही बहुतेक वेळा पाण्याची भांडणं असतात. वाफ्यांना वेगळं पाणी द्यावं आणि झाड मोठं होईल तशा खालच्या फांद्या काढून खोड डोक्याच्या वरपर्यंत मोकळं ठेवावं.

कडुनिंब लावायचं ठरलं, तर जूनमध्ये पिवळी निंबोळी पडू लागली, की गर धुऊन ती लगेच पेरा. महिनाभर डब्यात राहिलेली निंबोळी सहसा उगवत नाही.