कार्यानुभवाचा तास
(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनातील भाषण)



आयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." एआयबद्दल तुम्हाला व्हॉट्सॲपवर रोज पुरेसं वाचायला मिळतं. म्हणून मी आज लाकडाबद्दल बोलणार आहे.

दीड वर्षापासून मी सुरीने लाकडाचे छोटे पक्षी, प्राणी, माणसं कोरते. आजवर २३ झाली. त्यातलं घुबड घुबडासारखं दिसतं. बाकीची काय आहेत ते सांगावं लागतं. तेव्हा हे सगळं पहिलीतल्या विद्यार्थिनीचं बोलणं समजून ऐका.

सामान अगदी थोडं लागतं. एक इंच रुंद, तेवढाच जाड आणि तीन इंच लांब ठोकळा. आखूड पात्याची धारदार सुरी. ठोकळा धरणाऱ्या हातात सहज कापला न जाणारा हातमोजा आणि सुरीच्या हाताच्या अंगठ्याला चामड्याची टोपी. लाकूड मात्र मऊ हवं. माझ्याकडे सागवानाचे तुकडे होते. ते चालतील का, हे विचारायला मी आपल्याच वर्गातल्या, शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका मित्राला फोन केला. त्याचं आज फर्निचरचं वर्कशॉप आहे. नाव घेत नाही, घेतलं तर तो उठून बाहेर जाईल. तो म्हणाला, "साग कपाटाला ठेव. त्यात वाळूसारखा अंश असतो, तुझ्या सुरीची धार टिकणार नाही. शिवण घे, नाहीतर पांगारा." सावंतवाडीची लाकडी फळं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले तो हाच हलका पांगारा.

खरं शिक्षण पुढे सुरू होतं. लाकडात झाडाच्या वाढीच्या रेषा असतात. त्यांच्या कलाने सुरी नेली की पेन्सिलीला टोक करताना निघते तशी गुळगुळीत ढलपी निघते. उलट नेली की पातं आत घुसतं आणि लाकूड फाटतं. सुरी अडली तर जोर वाढवायचा नाही. ठोकळा फिरवायचा आणि दुसऱ्या बाजूने यायचं. बाहुलीची मान करायची असेल तर आधी तिथे आडवी खाच पाडायची आणि मग त्या खाचेपर्यंत तासत यायचं. खाच नसेल तर ढलपीबरोबर डोकंही जातं. बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिला जोर लागतो आणि जोरात असताना ती निसटते. म्हणून अधूनमधून थांबून चामड्याच्या पट्टीवर पातं घासायचं, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून.

माझ्या नोकरीत एक बटण दाबून मागे जाता येतं. लाकडाची निघालेली ढलपी परत चिकटत नाही. त्यामुळे प्रत्येक घावाआधी क्षणभर बघण्याची सवय लागते.

स्वीडनमध्ये अ‍ॅक्सेल पीटरसन (१८६८–१९२५) नावाचे मूर्तिकार होऊन गेले. त्यांनी आपल्या भागातली साधी माणसं लाकडात कोरली: शेतकरी, घोडे, लग्नाची, अंत्ययात्रेची मंडळी. सुरीचे सपाट घाव त्यांनी घासून गुळगुळीत केले नाहीत, तरी त्या माणसांचे चेहरे बोलतात. ही कामं बघितली की नवशिक्याला धीर येतो.

धीर लागतोच. पहिल्या बाकावरच्या आम्हा मुलामुलींना जे जमतं तेच करण्याची सवय लागते. पंचेचाळिशीत ती महाग पडते. माझ्या क्षेत्रात आता कोड लिहून देणारी साधनं आली आहेत. वीस वर्षांचा अनुभव बाजूला ठेवून मला माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान सहकाऱ्यांना "हे कसं करायचं, दाखव ना" म्हणावं लागतं. ते मला आता संकोचाशिवाय म्हणता येतं, याचं बरंच श्रेय त्या तीन इंची ठोकळ्यांना आहे. आणि त्या मित्राला. शाळेत आमचं फारसं बोलणं नव्हतं. तेव्हा हुशारी मोजायची पट्टी एकच होती, आणि त्याच्या हातातली हुशारी त्या पट्टीवर दिसत नव्हती.

सर, बाई, आपल्याला कार्यानुभवाचा तास होता. दहावीच्या वर्षी तो बहुतेक वेळा गणिताला दिला जायचा. त्यामागची तुमची काळजी आज मला कळते, आणि त्या गणितावरच माझं घर चालतं. पण त्या एका तासात पुढे असणारी मुलं वेगळी होती, आणि तो तास गेला की त्यांची पुढे असण्याची एकमेव संधीही जात होती.

आपली बॅच शाळेला संगणक देणार आहे. जरूर देऊ या. मी तर विरोध करूच शकत नाही. माझी एवढीच विनंती आहे की त्यासोबत एक भक्कम कामाचं टेबल, दहा सुऱ्या, हातमोजे आणि मऊ लाकडाचे ठोकळेही देऊ या. खर्च एका संगणकापेक्षा कमी येईल. महिन्यातून एका शनिवारी शिकवायला यायचं आपल्या मित्राने कबूल केलं आहे. मीही येईन, मुलांच्या शेजारी बसून शिकायला.