शरणपूरचा जेकब

येवल्याच्या पेठेंत कापडाचा गठ्ठा कोणास नवा नाहीं. ही कथा अशाच एका गठ्ठ्याची.

येवल्याच्याच जिल्ह्यांत, नाशिकजवळच्या शरणपूरच्या ख्रिस्ती वसाहतींत, गुलामांच्या व्यापाऱ्यांपासून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें आणलीं जात. परक्या मुलखांत नवें नांव, नवी भाषा, नवा आरंभ! जेकब वेनराइट त्यांतलाच.

१८७३ सालीं मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेंत वारले. त्यांच्या मृत्यूची नोंद जेकबनें झाडावर कोरली. प्रेत घेऊन निघालेल्या अनुचरांस वाटेंत गांवकऱ्यांनीं अडविलें. तेव्हां त्यांनीं खोटें प्रेत बांधून माघारीं धाडलें, आणि खरें प्रेत कापडाच्या गठ्ठ्यांत दडवून किनाऱ्यास पोंचविलें. १८७४ सालीं लंडनला त्याचें दफन झालें.

ज्यांतल्या कित्येकांस एकदां माल म्हणून बांधलें होतें, त्यांनींच मृताचा मान राखण्यासाठीं त्याला माल म्हणविलें.